शाळेच्या भिंतीवरचा हत्ती आपला नाही, आफ्रिकेचा निघाला

तासगावचे_गुरुजी

नमस्कार मंडळी,

तासगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवतो. मे महिन्यात गावातल्या तरुण पोरांनी वर्गणी काढून शाळेच्या बोलक्या भिंती नव्यानं रंगवून दिल्या. पाढे, बाराखडी, जिल्ह्याचा नकाशा आणि फाटकासमोरच्या सर्वांत मोठ्या भिंतीवर प्राणी. हत्तीचं चित्र मी काढून दिलं. मोबाईलवर सापडलेल्या एका फोटोवर चौकटी पाडल्या, त्याच चौकटी भिंतीवर मोठ्या केल्या. आठ फुटी हत्ती झाला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, ‘आपल्या जंगलातील प्राणी’.

शाळा सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी चौथीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत भिंतीसमोर बराच वेळ उभी होती. काय गं, म्हणून विचारलं. म्हणाली, “सर, शेजारच्या गावात पंचकल्याणक पूजेला हत्ती आला होता ना, त्याचे कान सुपाएवढे होते. ह्याचे तर सतरंजीएवढे आहेत.”

मी पाहिलं आणि मग बाकीचंही दिसायला लागलं. पाठ मधे खोलगट, खोगीर टाकायला जागा ठेवल्यासारखी. कपाळ सरळ उतरतं. सोंडेच्या टोकाला वर एक आणि खाली एक अशी दोन बोटं. एवढ्या निगुतीनं उतरवलेला हत्ती केनिया-टांझानियाच्या माळावरचा होता. त्या मुलीला मी त्याच दिवशी परिपाठात सगळ्यांसमोर सांगितलं, तू बरोबर आहेस, चित्र चुकलंय, आपण ते नीट करू.

गेले आठ दिवस वाचतोय. कळलं तेवढं लिहितो.

हत्ती मुळात दोन नाहीत, तीन जातींचे आहेत. आशियात आपला एक. आफ्रिकेत दोन: उघड्या गवताळ माळावरचा आणि काँगो खोऱ्यातल्या दाट जंगलातला. २०२१ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या लाल यादीत या दोन आफ्रिकन हत्तींची नोंद पहिल्यांदा वेगवेगळी झाली. माळावरचा संकटग्रस्त, जंगलातला अतिसंकटग्रस्त. आपलाही संकटग्रस्तच आहे.

कान ही सर्वांत सोपी खूण. माळावरच्या हत्तीचा कान मानेच्याही वर जातो आणि खांदा झाकतो. कानामागे रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. कान हलले की त्यातलं रक्त थंड होतं. झाड नाही, सावली नाही अशा उन्हात राहणाऱ्या एवढ्या मोठ्या जनावराला तेवढा कान लागतोच. आपला हत्ती झाडीत राहणारा, त्याचं लहान कानावर भागतं. कानाच्या वरच्या कडेची दुमडसुद्धा निराळी. आपल्या हत्तीची कड वयाप्रमाणे पुढच्या बाजूला दुमडत जाते आणि त्यावरून माहूत वयाचा अंदाज बांधतात. आफ्रिकन हत्तीची मागे वळते.

आणि डोकं. आपल्या भाषेत हत्तीच्या माथ्यावरच्या दोन उंचवट्यांना कुंभस्थळ म्हणतात. दोन घडे शेजारी शेजारी पालथे घालावेत आणि मधे घळ राहावी, तसं. आफ्रिकेच्या हत्तीला हे नसतंच, त्याचा माथा एकसंध आणि चपटा असतो. म्हणजे कीर्तनात, पोवाड्यात आपण जो शब्द ऐकत आलो, तो जगातल्या तीन हत्तींपैकी फक्त आपल्या हत्तीवर बेतलेला आहे. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं. शब्द आपल्याकडे होता आणि चित्र मी परक्या हत्तीचं काढलं.

आपला हत्ती उभा राहिला की सर्वांत उंच जागा डोक्याची. आफ्रिकन हत्तीची खांद्याची. पाठ आपल्याची फुगीर किंवा सपाट, त्याची मधे दबलेली.

आता इथल्या जाणकारांना विचारायचंय: भिंत परत रंगवायची तर आणखी काय काय बदलावं लागेल? ज्यांनी हत्ती जवळून पाहिलाय त्यांनी कृपया लिहा. मला फोटोवर आता विसंबायचं नाही.

---

कृष्णाकाठची_लेक

गुरुजी, धागा वाचून माहेरी गेल्यासारखं वाटलं. आम्ही सांगलीचे. लहानपणी आजोबा गणपती मंदिरात न्यायचे, तेव्हा संस्थानचा हत्ती तिथं असायचा. मी त्याच्यापुढं तळहातावर केळ्याचा तुकडा धरायची. सोंडेचं टोक हाताला लागायचं ते अजून आठवतंय: ओलं, गरम आणि वरच्या बाजूला एकच मऊ बोट. ते बोट तुकड्यावर टेकायचं, खालून सोंड वळून यायची आणि तुकडा मुठीत धरल्यासारखा जायचा. चिमटीत धरून नाही. तुमच्या भिंतीवरचं खालचं बोट पुसा, एवढं मी खात्रीनं सांगते.

त्याच्या कानांवर आणि सोंडेच्या मुळाशी गुलाबी ठिपके होते, बारीक तिळांसारखे. आजोबा म्हणायचे, वय झालं की येतात.

---

माहुली_संगम

मी साताऱ्याचा. २००९ ते २०१३ नैरोबीत नोकरीला होतो आणि सुट्टी मिळाली की अँबोसेलीला जायचो. गुरुजींनी लिहिलंय ते सगळं बरोबर आहे. त्यात पाहिलेलं थोडं घालतो.

अँबोसेलीत किलिमांजारोच्या पायथ्याची दलदल आहे, हत्ती तिथं उतरतात. एकदा आमची गाडी रस्त्यावर बंद करून उभी होती आणि दहा-बारा फुटांवर एक हत्तीण बाभळीखाली थांबली. खाली वाळलेल्या, पिळवटलेल्या शेंगा पडल्या होत्या. तिनं सोंडेच्या टोकाच्या दोन बोटांनी एकच शेंग उचलली. आपली आजी तांदळातला खडा उचलते तशी. फुंकर मारली, धूळ उडाली, शेंग तोंडात. मग दुसरी. पंधरा-वीस मिनिटं हेच. वर कृष्णाकाठच्या ताईंनी जे लिहिलंय त्याच्याशी ताडून पाहा: आपला हत्ती गुंडाळून घेतो, तो चिमटीत धरतो. सोंडेत हाड एकही नाही, दोघांच्याही.

कातडीही वेगळी. आफ्रिकन हत्तीची कातडी उन्हाळ्यातल्या आपल्या काळ्या रानासारखी, भेगाच भेगा. त्या भेगांत पाणी आणि चिखल धरून राहतो, अंग थंड राहतं. आपल्या हत्तीची त्या मानानं गुळगुळीत आणि केसही जास्त. पिल्लू तर चांगलं केसाळ असतं.

परत आल्यावर मैसूरच्या प्राणिसंग्रहालयात गेलो. तिथं दोन्ही जातींचे हत्ती एकाच दिवशी पाहायला मिळाले. उंचीचा फरक तिथं डोळ्यांत भरला. माळावरचा वयात आलेला नर खांद्याशी दहा-अकरा फूट, वजन सहा टनांच्या घरात. आपला नर नऊ फुटांच्या आसपास, चार टन. पण आफ्रिकेतला दुसरा, जंगलातला हत्ती, आपल्यापेक्षाही लहान भरतो हे लक्षात असू द्या. त्याचे कान गोलसर आणि सुळे सरळ खाली उतरलेले. दाट झाडीत वाकडे लांब सुळे अडकतील, म्हणून तसे असावेत असं मला वाटतं.

आणखी एक: आफ्रिकेत माद्यांच्याही कानशिलावरून पाझर वाहताना मी वारंवार पाहिला. आपल्याकडे मद गळतो तो मुख्यत: मस्तीत आलेल्या नराचा.

---

पेठनाका_७७

गुरुजी, तुमची तळमळ दिसते, त्याबद्दल आदर आहे. पण तिसरी-चौथीच्या पोरांना हत्ती म्हणजे हत्ती. सोंड आहे, मोठा आहे, झालं. परत रंगाचा खर्च कशाला? त्या पैशात दोन वर्गांना पंखे होतील.

---

तासगावचे_गुरुजी

पेठनाका दादा, पंख्यांचं म्हणणं पटतं, त्याचा अर्ज वेगळा दिलेला आहे. रंग शिल्लक आहे, खर्च फारसा नाही.

पण हत्ती म्हणजे हत्ती, हे मला मान्य नाही. त्या मुलीनं पूजेच्या मिरवणुकीत डोळ्यांनी जे पाहिलं ते खरं होतं. भिंत तिला सांगत होती की तुझं पाहणं चुकीचं. ती दहा वर्षांची आहे. भिंतीपुढं आपलं म्हणणं सोडून देणं तिला सोपं होतं, तरी तिनं सोडलं नाही. आता मी भिंत तशीच ठेवली तर तिनं काय शिकावं?

आपल्या मुलांच्या वह्यांची कव्हरं बघा, वाढदिवसाचे फुगे बघा, खेळण्यातले हत्ती बघा. निम्म्याहून जास्त मोठ्या कानांचे. हत्ती २०१० पासून आपला राष्ट्रीय वारसा प्राणी आहे, आपल्या दारात येणाऱ्या देवाला त्याचं मस्तक आहे, आणि मुलं काढतात तो हत्ती परका.

---

पेठनाका_७७

हे म्हणणं पटलं. पोरीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. रंग कमी पडला तर सांगा, इस्लामपुरातून पाठवतो.

---

शिरवळ_पशुवैद्य

गुरुजी, दातांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पशुवैद्यकीय शिक्षण शिरवळला झालं, आता कोरेगावकडं गाई-म्हशींचा दवाखाना आहे. हत्तीवर उपचाराची वेळ एकदाच आली. पण शिकत असताना हत्तीची दाढ हातात घेतली होती, ती विसरणं शक्य नाही. पाटा-वरवंट्यातल्या पाट्याचा तुकडा उचलावा एवढी जड.

‘हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे’ ही म्हण अगदी शास्त्रशुद्ध आहे. आपण सुळे म्हणतो, पण ते सुळ्याचे दात नव्हेतच. वरच्या जबड्यातले पटाशीचे दात वाढून बाहेर आलेले असतात. खायचे दात म्हणजे दाढा, आणि दोन जातींतला सर्वांत पक्का फरक तिथं आहे. आपल्या हत्तीच्या दाढेच्या पृष्ठभागावर एनॅमलच्या अरुंद, दाट, जवळजवळ समांतर आडव्या रेघा असतात, किसणीवर असाव्यात तशा. आफ्रिकन हत्तीच्या दाढेवर रेघा कमी आणि त्यांचा आकार शंकरपाळ्यांसारखा. त्यांच्या प्रजातीचं शास्त्रीय नावच ‘लोक्सोडोंटा’, म्हणजे तिरके दातवाला. आपल्या हत्तीचं ‘एलिफास’.

दोघांनाही आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. आपल्यासारखे खालून वर नाही, मागून पुढं सरकत. पुढची दाढ झिजून तुकड्यातुकड्यांनी पडते आणि मागची तिची जागा घेते. सहावा संच झिजला की म्हाताऱ्या हत्तीला चावता येत नाही. साठीच्या आसपास तो मऊ गवत शोधत पाणथळीत जाऊन राहतो.

आणखी एक गोष्ट सांगतो. बर्फाळ प्रदेशातला तो केसाळ मॅमथ आफ्रिकन हत्तीपेक्षा आपल्या हत्तीला जवळचा. जनुकांवरून हे सिद्ध झालंय. आफ्रिकन हत्तींचा वंश साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वेगळा फुटला, आपला आणि मॅमथचा त्यानंतर. माणसाला दिसायला दोन हत्ती भाऊ-भाऊ वाटतात, पण आपल्या हत्तीचा सख्खा चुलतभाऊ पृथ्वीवरून संपलेला आहे.

---

आजऱ्याचा_पाहुणा

राम राम मंडळी. मूळ गाव आजरा तालुक्यात, नोकरी सांगलीत. आमच्याकडं हत्ती चित्रात बघायची गरज पडत नाही. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून दोडामार्गात हत्ती उतरले, मग चंदगड आणि आजरा. तेव्हापासून ऊस, नाचणी, केळी, माड, कशाचीच शाश्वती नाही. आमच्या चुलत्यांचा एक एकर ऊस एका रात्रीत आडवा झाला. तरी त्यांच्या तोंडून शिवी ऐकली नाही. सकाळी बांधावर उभे राहून म्हणाले, गणपती जेवून गेला, आता पंचनाम्याचं बघू.

त्या दिवशी पाऊल नीट पाहिलं. रात्री पाट सोडलेला, चिखल घट्ट होता. पुढच्या पायाचा ठसा गोल, परातीसारखा. मागच्याचा जरा लांबट, आणि बऱ्याच ठिकाणी पुढच्या ठशावरच पडलेला. कडेला नखांच्या खुणा. वनरक्षक आले होते. त्यांनी सुतळी काढली आणि ठशाच्या कडेकडेनं फिरवली. सव्वाचार फूट भरली. म्हणाले, याची दुप्पट करा, साडेआठ फूट, एवढी त्याची खांद्याजवळची उंची. पुढच्या पायाच्या घेराची दुप्पट म्हणजे उंची, हा ठोकताळा साधारण बरोबर येतो.

तर गुरुजी, नखं मोजून काढा. आपल्या हत्तीला पुढच्या पायाला पाच, मागच्या पायाला चार. क्वचित मागंही पाच. केरळात हत्ती पारखताना नखं मोजतात, अठरा किंवा वीस असली तर शुभ. आफ्रिकेतल्या माळावरच्याला पुढं चार आणि मागं तीन.

---

माहुली_संगम

आजरेकर, सुतळीचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. नखांबद्दल एक भर: आफ्रिकेच्या जंगलातल्या हत्तीची नखं आपल्यासारखीच, पुढं पाच, मागं चार. म्हणजे नुसत्या नखांवर निकाल देता येत नाही.

तुमच्या चुलत्यांचं नुकसान भरून मिळालं का?

---

आजऱ्याचा_पाहुणा

थोडं मिळालं, उशिरा. जाऊ द्या, इथं हत्तीच्या अंगाबद्दल बोलू.

---

मिरजेचा_तारकरी

आमच्या घरात सतार आणि तंबोरे बनवतात, मिरजेत चार पिढ्या. हस्तिदंताचा विषय आमच्या धंद्याला जवळचा आहे, म्हणून लिहितो.

पणजोबांच्या काळात सतारीची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती, हस्तिदंताची व्हायची, सांबरशिंगाचीही. पट्टीवरची पांढरी वेलबुट्टी हस्तिदंताचीच. घरात त्या काळची एक सतार आहे, विकायची नाही असं वडिलांनी सांगून ठेवलंय. तिच्या घोडीच्या कडेला भिंग लावून पाहिलं तर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते, चटई विणल्यासारखी. हाडाला ती नसते, सेल्युलॉइडला नसते. हत्तीच्याच दाताला असते. मॅमथच्या दातालाही असते, पण तिथं रेघांमधला कोन लहान असतो. आपला हत्ती की आफ्रिकेचा, हे मात्र नुसत्या डोळ्यांनी त्या रेघांवरून सांगता येत नाही.

आपल्याकडे भारतीय हस्तिदंताचा व्यापार १९८६ मध्ये बंद झाला, आफ्रिकन हस्तिदंताचा १९९१ मध्ये. मधली काही वर्षं बाजारात सगळंच ‘आफ्रिकेचं’ म्हणून यायचं, असं वडील सांगायचे. जनावर मेल्यावर त्याची जात कोण ओळखणार? आम्ही आता उंटाचं हाड आणि कृत्रिम माल वापरतो. घोडीचा माथा घासून जवारी नीट काढली तर आवाजात उणं राहत नाही. हस्तिदंताशिवाय खरा नाद येत नाही असं कुणी म्हणालं की मला वाईट वाटतं. नाद कारागिराच्या हातात असतो.

---

सज्जनगड_पायरी

माझा एक प्रश्न. सुळे असतील तर नर आणि नसतील तर मादी, एवढं सरळ आहे का?

---

शिरवळ_पशुवैद्य

आफ्रिकेत नर-मादी दोघांनाही सुळे असतात. आपल्याकडे मादीचे सुळे बाहेर दिसत नाहीत. असलेच तर ओठाखाली बोटभर कांड्या. पण सगळ्या नरांनाही सुळे नसतात. बिनसुळ्याच्या नराला मखना म्हणतात आणि तो अंगानं दांडगा असतो. श्रीलंकेत तर सुळेवाले नर फारच थोडे.

आफ्रिकेतही आता बदल दिसतोय. मोझांबिकमध्ये १९७७ ते १९९२ यादवी युद्ध झालं. गोरोंगोसाच्या जंगलातले नव्वद टक्के हत्ती त्यात मारले गेले, दातांसाठी आणि मांसासाठी. युद्धाआधी तिथल्या अठरा-एकोणीस टक्के माद्या बिनसुळ्याच्या होत्या, युद्धानंतर निम्म्या. सुळेवाल्या मारल्या गेल्या, बिनसुळ्याच्या वाचल्या, त्यांच्याच लेकी वाढल्या. जातीचं लक्षण म्हणून आपण जे शिकवतो ते माणसाच्या बंदुकीनं पंधरा वर्षांत हलवलं.

---

शाडूची_माती

गुरुजी, मी साताऱ्यात गणपती घडवते. तुमचा धागा वाचून काल रात्री कारखान्यातल्या सगळ्या मूर्ती पुन्हा निरखल्या.

आमच्या सासूबाईंनी मला पहिला धडा दिला तो डोक्याचा. शाडूचे दोन गोळे, लिंबाएवढे, कपाळावर शेजारी शेजारी बसवायचे आणि मधली घळ अंगठ्यानं एकदाच ओढायची. दोनदा ओढली तर घळ रुंद होते आणि चेहरा रागीट दिसतो. मुकुट बसला की ते दिसतही नाही, तरी त्या करायला लावायच्या. आता कळलं ते कुंभस्थळ होतं. कान सुपासारखा, गणपतीचं नावच शूर्पकर्ण, आणि वरची कड जराशी पुढं वळवलेली. तीसुद्धा दुमड आमच्या हातात आहे. ती आपल्याच हत्तीची आहे, हे आज समजलं.

दहा-बारा वर्षांत बाहेरून साचे यायला लागले, त्यांत कान फार मोठे आणि पसरट असतात. गिऱ्हाईकही तेच मागतं, भरदार दिसतं म्हणून. या वर्षी मी मागणी आली तरी कान सुपाचाच ठेवणार आहे.

---

सज्जनगड_पायरी

ताई, मधल्या घळीचं वाचून यंदाच्या मूर्तीचं कपाळ मुकुट चढायच्या आधी बघायला यायचंय. चालेल का?

अवांतर: आफ्रिकन हत्ती माणसाळत नाही असं ऐकलंय, खरं का? आणि दोन जातींचा संकर होतो का?

---

माहुली_संगम

माणसाळत नाही हे खरं नाही. कार्थेजचा सेनापती हॅनिबल यानं ख्रिस्तपूर्व २१८ मध्ये आल्प्स ओलांडला तो हत्ती घेऊनच, आणि त्यातले बहुतेक उत्तर आफ्रिकेतले असावेत असं मानतात. पुढच्याच वर्षी राफियाच्या लढाईत इजिप्तचा राजा टॉलेमी याचे आफ्रिकन हत्ती आणि सीरियाचा राजा अँटिओकस याचे भारतीय हत्ती समोरासमोर आले. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसनं लिहून ठेवलंय की आफ्रिकन हत्तींनी भारतीय हत्तींचा वास आणि आवाज सहन न होऊन माघार घेतली. फरक एवढाच की पिढ्यान् पिढ्या माहुताच्या घरात हत्तीविद्या चालत आली ती आपल्याकडे.

---

शिरवळ_पशुवैद्य

संकराचं उत्तर: जगात एकच पक्की नोंद आहे. इंग्लंडमध्ये चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयात ११ जुलै १९७८ ला एक पिल्लू जन्मलं. आई शेबा आशियाई, बाप जंबोलिनो आफ्रिकन. पिल्लाचं नाव मॉटी. त्याचं डोकं आणि कान आफ्रिकन वळणाचे, नखं आपल्या हत्तीची, पुढं पाच आणि मागं चार. सोंडेला बोट एकच, आपल्यासारखं. पाठ खांद्याशी बापाची आणि त्यामागं आईची. दिवस भरायच्या आधीच जन्मलं होतं. दहा दिवस जगलं. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमनं त्याचं शरीर जतन केलंय.

या धाग्यात आपण जे फरक लिहितोय ते सगळे त्या एका लहानग्या जिवात एकत्र आले होते.

---

कृष्णाकाठची_लेक

दहा दिवस. वाचून गप्प झाले.

गुरुजी, एक सुचवू का? भिंतीवर नर काढू नका, हत्तीण काढा. आपल्या भागात मुलांनी पाहिलेल्या बहुतेक हत्तिणीच असतात. नांदणीच्या मठातल्या माधुरी हत्तिणीला २०२५ च्या जुलैत जामनगरला नेलं तेव्हा आमच्या सोसायटीतली मुलं रडत होती. त्या विषयावर इथं वाद नको, बरोबर-चूक दुसरीकडं बोलू. पण तिला सुळे नव्हते आणि मुलांना ती हत्ती म्हणून पुरेशी होती. सुळे असले तरच हत्ती, हेसुद्धा चित्रांनीच शिकवलंय.

---

तासगावचे_गुरुजी

ताई, हे मला सुचलंच नव्हतं. हत्तीणच काढतो. आपली हत्तीण साधारण आठ फुटांची असते आणि भिंतीवरचं चित्रही आठ फुटांचंच आहे, म्हणजे खऱ्या मापाची होईल.

---

तासगावचे_गुरुजी

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. पाऊस उघडायची वाट पाहत होतो.

आधी कान. बाहेरचा भाग खरवडून प्रायमरचे दोन हात दिले, वर आभाळाचा निळा. एका हातात जुना राखाडी झाकला जाईना, खालून कानाची कड दिसत राहायची. मग पाठीचा खोलगा भरून वर फुगीर रेघ ओढली. कुंभस्थळ काढताना शाडूच्या ताईंचं सांगणं लक्षात ठेवलं, मधली घळ एकाच फटकाऱ्यात. सुळे गेले. सोंडेचं खालचं बोट गेलं. सातवीतल्या एका मुलानं विचारलं, “सर, दात काढले तर ती चिडणार नाही का?” मी त्याला दाढांचं आणि शंकरपाळ्यांचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो घरून किसणी आणि शंकरपाळी दोन्ही घेऊन आला आणि त्यानं सगळ्या वर्गाला दाखवलं.

गुलाबी ठिपके पहिली-दुसरीच्या मुलांनी दिले. करंगळी रंगात बुडवून, कानावर आणि सोंडेच्या मुळाशी. थोडे जास्त झालेत. राहू दिलेत.

आफ्रिकेचा हत्ती पुसून टाकायचं मात्र मनाला पटेना. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर त्याला जागा दिली, खाली नाव लिहिलं, शेजारी बाभळ आणि तिच्या शेंगा. पेठनाका दादांनी दोन डबे पाठवले, त्यातलाच करडा रंग आहे.

आजरेकरांच्या सुतळीचं काम मुलांनी केलं. चार फुटांची सुतळी घेतली, टोकं जुळवून मैदानात गोल केला आणि चुन्यानं रेघ मारली. एका गोलात दोन मुलं पाय जुळवून उभी राहतात. मग त्या मुलीनं गोलापासून भिंतीकडं पाहिलं आणि म्हणाली, “सर, सुतळी दुप्पट करून खांद्याला लावू या.” लावली. खांद्याच्या जरा खाली आली, चार बोटं.

नखं राहिलीत. तो भाग तिनं मागून घेतलाय. उद्या शनिवार, सकाळची शाळा आहे. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. पांढऱ्या रंगाचा डबा आजच उघडून ठेवलाय.